सोळा ग्रॅम गॅस, छत्तीस ग्रॅम पाणी

ऑक्टोबर अर्धा सरला होता तेव्हा आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला ओल आली. ओट्याच्या डाव्या अंगाची भिंत, जिच्या पलीकडे आमची बेडरूम आहे. आधी वरच्या बाजूला पंजाएवढा डाग दिसला. फोडणीचा वाफारा असेल असं वाटून मी तो पुसला. दुसऱ्या दिवशी डाग परत तिथेच, आणि थोडा खाली सरकलेला. आठवडाभरात रंगाचे पोपडे सुटायला लागले, कडेने काळे बारीक ठिपके उमटले. येता-जाता मी भिंतीला तळहात लावून बघायचे. गार लागायची, चिकट लागायची. हात काढला तरी तो गारवा मनातून जायचा नाही. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना, शिकवणीला येणाऱ्या मुलींना शिकवताना सारखं वाटायचं, जाऊन एकदा बघून यावं.

घणसोलीतल्या या इमारतीत येऊन आम्हाला जेमतेम दोन वर्षं झाली होती. त्याआधी आम्ही इथेच, गावठाणात, भाड्याच्या खोलीत राहायचो. तिथे भिंतींना ओल असायचीच, तिचं कुणाला काही वाटायचं नाही. पण स्वतःच्या घराची भिंत ओली झाली की माणूस वेगळा वागतो. माझा नवरा द्रोणागिरीच्या गोदामांत मालाच्या ये-जा करणाऱ्या गाड्यांचं वेळापत्रक सांभाळतो. दिवसभर फोनवर ओरडून तो घरी यायचा आणि चपला काढायच्या आधी स्वयंपाकघरात डोकावायचा.

"वाढलीये ना?"

"थोडी."

"थोडी काय, सकाळी स्विचपर्यंत नव्हती."

घरात तिसरं माणूस म्हणजे सासूबाई. आदल्या वर्षी सासरे गेले आणि त्या साताऱ्याकडचं घर बंद करून आमच्याकडे आल्या. पहिले दोन-तीन महिने त्या दारापासून गॅलरीपर्यंत नुसत्या फेऱ्या मारायच्या. टीव्ही लावून दिला तर बंद करायच्या. खाली बागेत बायका बसतात तिथे नेलं तर पाच मिनिटांत उठायच्या. "मला नुसतं बसून ऱ्हावत न्हाई बघ," म्हणायच्या, "हात थांबलं की डोक्यात सगळं सुरू हुतंय."

मग एकदा शेजारणीने थालीपीठ खाल्लं आणि भाजणी करून द्याल का म्हणून विचारलं. सासूबाईंनी करून दिली. तिने सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं आणि दुसरी आली, तिसरी आली. भाजणी, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी. साताऱ्याहून आणलेली लोखंडी कढई बाहेर निघाली. दिवाळी जवळ आली तेव्हा चकलीच्या भाजणीसाठी सकाळच्या चहानंतर दोन्ही शेगड्या पेटायच्या त्या दिवेलागणीपर्यंत. तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडीद, धणे, प्रत्येक वेगळं भाजायचं. त्यांच्या फेऱ्या थांबल्या. जेवण नीट जायला लागलं. कधीमधी त्या गुणगुणायच्यासुद्धा.

भिंत ओली झाली ती याच दिवसांत, पण या दोन गोष्टी एकमेकींशी जोडाव्यात असं आमच्यापैकी कुणाच्याही मनात आलं नाही. कारण भाजणं हे कोरडं काम. त्यात पाण्याचा थेंब नाही.

सोसायटीचे सेक्रेटरी, आम्ही त्यांना काका म्हणतो, प्लंबरला घेऊन आले. प्लंबरने भिंतीवर टकटक केलं, छताकडे बघितलं. काकांनीही बघितलं.

"वरून येतंय. शंभर टक्के," काका म्हणाले. "वरच्यांच्या सिंकची लाईन लीक असणार. टेन्शन नका घेऊ मॅडम, फोडून बघू."

"काय फोडणार?"

"त्यांच्या किचनची लादी. ओटा पण थोडा काढावा लागेल. चार-आठ दिवसांचं काम हाय."

वर एक तरुण जोडपं राहतं. मुलगी नुकतीच बाळंत झाली होती, बाळ महिन्याचंसुद्धा नव्हतं. तिची आई रत्नागिरीहून बाळंतपणाला आली होती. त्याच संध्याकाळी ही बाई आमच्या दारात उभी राहिली. हाताला हळद लागलेली, बहुतेक स्वयंपाक तसाच टाकून आली होती.

"ताई, आमच्याकडे एक थेंब गळत नाय. तुमी वर येऊन सिंकखाली हात घालून बघा."

"अहो, आतली पाइप असेल, दिसत नाही ती," माझा नवरा मागून म्हणाला.

"लेक माझी ओली बाळंतीण हाय. तिला दिवसातनं चार वेळा गरम काय ना काय लागतं. किचन फोडलात तर मी शिजवू कुठे? आनि ती धूळ, तो आवाज, त्या एवढ्याशा पोराला?"

"मग आम्ही काय करायचं? आमची भिंत पडू द्यायची?"

तो चढ्या आवाजात बोलला. ती बाई माझ्याकडे बघून वळली. जिना चढताना तिने कठड्याला धरलेला हात मला दिसत होता. सोमवारी माणसं येणार असं काकांनी ग्रुपवर टाकून दिलं.

मला चैन पडेना. वर लादी फुटणार याचं वाईट वाटायचं आणि फुटली नाही तर भिंतीचं काय, याचीही काळजी. मी वर जाऊन खरंच सिंकखाली हात घालून आले. कोरडं होतं. खोलीत बाळ झोपलं होतं, मुलगी भिंतीला टेकून बसली होती. माझ्याकडे बघून तिने पाय जवळ ओढून घेतले. मी खाली आले, आणि ते नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "वरून कोरडंच दिसतं, म्हणून तर फोडायचं."

मी केमिस्ट्री शिकवते. वाशीच्या एका क्लासमध्ये बरीच वर्षं शिकवलं, तो क्लास बंद पडला, तेव्हापासून अकरावीच्या काही मुली घरी येतात. बेडरूममध्येच दुपारी त्यांची बॅच असते. ऑक्टोबरात शेजारच्या प्लॉटवर टॉवरचं काम जोरात चालू होतं, खिडकी उघडली की वहीवर सिमेंटचा थर बसायचा. म्हणून खिडक्या बंद आणि एसी चालू. स्वयंपाकघराचीही खिडकी बंदच. तिथल्या एग्झॉस्ट फॅनच्या भोकात कबुतरं घरटं करायला लागली म्हणून नवऱ्याने फॅन काढून थर्माकोल चिकटवून टाकला होता.

त्या शुक्रवारी मी मुलींना इक्वेशनवरून पदार्थाचं वजन कसं काढायचं ते शिकवत होते. या धड्याला मी नेहमी मिथेन घेते, कारण आकडे सोपे येतात. मिथेनचा एक रेणू, ऑक्सिजनचे दोन, जळल्यावर कार्बन डायऑक्साइडचा एक आणि पाण्याचे दोन. मिथेनचं मोलर मास सोळा. पाण्याचं अठरा, दोन रेणू म्हणजे छत्तीस. सोळा ग्रॅम मिथेन जाळलं की छत्तीस ग्रॅम पाणी मिळतं. मग कितीही ग्रॅम द्या, त्याच प्रमाणात.

एका मुलीने मान हलवली. "मॅम, हे चुकलंय. सोळाचे छत्तीस कसे होतील? जळल्यावर वस्तू कमी होते ना?"

"हवेतला ऑक्सिजन त्यात येऊन मिळतो ना. चौसष्ट ग्रॅम ऑक्सिजन. सोळा आणि चौसष्ट, ऐंशी. इकडे छत्तीस पाणी आणि चव्वेचाळीस कार्बन डायऑक्साइड. ऐंशी. दोन्ही बाजू सारख्या."

"पण मग ते पाणी दिसत का नाही?"

"वाफ असते. खोलीतल्या हवेत जाते, आणि गार जागा मिळाली की..."

हे वाक्य मी शेकडो वेळा बोललेय. क्लासमध्ये फळ्याकडे तोंड करून, घड्याळावर नजर ठेवून. त्या दिवशी ते बोलताना भिंतीपलीकडून कढईत उलथनं फिरल्याचा आवाज आला. खर्र, खर्र, थोडं थांबून परत खर्र. माझ्या डोक्यावर एसीचा झोत होता, तो सरळ त्याच भिंतीवर आदळत होता. मी उठून भिंतीला हात लावला. या बाजूनेही गार होती.

"मॅम, की?"

"की ती परत पाणी होते," मी म्हणाले आणि मुलींना दोन गणितं घालून स्वयंपाकघरात गेले.

आत धण्यांचा वास कोंडला होता. सासूबाईंचा चेहरा लाल झालेला, पदर कमरेला खोचलेला. दोन्ही शेगड्या मोठ्या केलेल्या. खिडकीच्या काचेवर आतून धुकं धरलं होतं, त्यातून एक ओघळ खाली उतरत होता. इतके दिवस तो मला दिसला नव्हता.

"काय गं? च्या पायजे का?"

"नाही आई. असंच."

ड्राय बाल्कनीत गॅसचं मीटर आहे. मी आकडा बघून घेतला. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, सकाळी चहाआधी परत बघितला आणि संध्याकाळी सासूबाईंनी शेगड्या बंद केल्यावर परत. दोन घनमीटरच्या जरा वर गॅस जळला होता. पाइपच्या गॅसमध्ये बहुतेक मिथेनच असतं, घनमीटरला सातशे ग्रॅमच्या आतबाहेर धरलं तर दीड किलोच्या आसपास. किलोला सव्वादोन किलो पाणी. म्हणजे तीन लिटरच्या वर पाणी, एका दिवसात, खिडकी आणि फॅन बंद असलेल्या त्या एवढ्याशा खोलीत. आणि बाजूलाच माझ्या एसीने गार करून ठेवलेली भिंत.

मुलींच्या पेपरात हे गणित आलं असतं तर मी उत्तराखाली दोन रेघा ओढल्या असत्या. इथे उत्तर मिळालं आणि माझी तगमग वाढली. हे बोलले तर वरच्यांचं स्वयंपाकघर वाचेल. पण बोलायचं म्हणजे सासूबाईंना सांगायचं, की ही ओल तुमच्या भाजणीची आहे. ती एकच गोष्ट त्यांना सावरत होती, आणि तिच्यावर बोट मी ठेवायचं. शनिवारी रात्रीचं जेवण मी कसंबसं उरकलं. रविवारी सकाळी नवरा पेपर वाचत होता, मी त्याच्यासमोर दोनदा जाऊन बसले आणि दोनदा उठले.

"काय झालंय तुला?" त्याने शेवटी विचारलं.

मी सांगितलं. हळू आवाजात, पण सगळं. तो ऐकत गेला आणि हसला.

"जाळातून पाणी? हे तू पोरींना शिकवतेस?"

"हेच शिकवते. पुस्तकात आहे."

"अगं पुस्तकात असेल. भिंतीला बादलीभर ओल आहे. गॅसने काय होतंय?"

"रोज तीन लिटर म्हणजे चार दिवसांत बादलीच होते."

"कशानं हुतीया बादली?" सासूबाई दारात उभ्या होत्या. हातात निवडायला घेतलेल्या डाळीचं ताट.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी फ्रीजमधून थंड पाण्याने भरलेलं स्टीलचं पातेलं काढलं, बाहेरून फडक्याने कोरडं पुसलं आणि शेगडी पेटवून वर ठेवलं. काही क्षणांतच पातेल्याच्या अंगावर दव धरलं, बुडाशी थेंब जमले, आणि एक थेंब जाळावर पडून चुर्र वाजला. नवरा वाकून बघत होता.

"हे फ्रीजमुळे," तो म्हणाला.

"शेगडीवर न ठेवता नुसतं बाहेर ठेवलं तरी थोडा ओलावा धरेल. पण इतका, इतक्या लवकर नाही. हे जाळातलं आहे. मी आता मुलींना करून दाखवायला पाहिजे खरं म्हणजे."

"हे तर रोजच बघते मी," सासूबाई म्हणाल्या. "पातेल्याला घाम येतोय त्यो." त्या थोडा वेळ पातेल्याकडे आणि मग भिंतीकडे बघत राहिल्या. "म्हंजी माझ्यापायी झालंय हे."

"नाही आई, एकट्या गॅसने नाही. पलीकडून माझा एसी चालतो, त्याने भिंत गार पडते. खिडकी बंद असते. फॅनही यांनीच बंद केलाय."

"व्हय, पर जाळ माझाच हाय की."

त्यांनी हात पुढे करून शेगडी बंद केली. डाळीचं ताट तसंच ओट्यावर ठेवलं आणि गॅलरीत जाऊन बसल्या.

मी काकांना फोन लावला. आठ दिवस थांबा, असं मी त्यांना म्हणाले.

"मॅडम, माणूस बुक केलाय मी. तुमचीच कंप्लेंट होती ना?"

"माझीच होती. मीच थांबा म्हणतेय. वरून पाणी येत असेल तर आठ दिवसांनीही येईलच."

ते बराच वेळ कुरकुरले, शेवटी हो म्हणाले. वरच्या बाईंना मी जाऊन सांगितलं तर त्यांनी नुसतं "बरं" म्हटलं आणि दार लावून घेतलं. त्यांचा विश्वास बसला नव्हता हे दिसत होतं.

ते आठ दिवस मला फार जड गेले. एसी बंद ठेवला, मुलींना हॉलमध्ये पंख्याखाली बसवलं, त्यांचे कागद उडायचे. नवऱ्याने कुरबुर करत थर्माकोल ओरबाडून काढला आणि वाशीहून नवा फॅन आणून बसवला, कबुतरांसाठी बाहेरून जाळी मारली. मी दर तासाला भिंतीला हात लावायचे. पहिले दोन दिवस काहीच फरक नाही. माझं गणित चुकलं असेल तर? भिंतीत खरंच पाइप असेल तर? मीटरचा आकडा मी परत मांडला, परत तेच उत्तर. गणितात पाणी किती झालं ते कळत होतं. त्यातलं किती भिंतीवर बसलं, ते कुठल्याच इक्वेशनमध्ये नव्हतं.

आणि सासूबाई. त्यांनी कढई घासून, तेल लावून माळ्यावर ठेवायला दिली. आलेल्या सगळ्या बायकांना नाही म्हणून सांगितलं. ऐन दिवाळीच्या तोंडावर बायका दारातून परत जात होत्या. सासूबाई जेवायला बसायच्या आणि अर्धी भाकरी तशीच सारायच्या. पुन्हा गॅलरी ते दार, दार ते गॅलरी. मी म्हटलं, "आई, आता फॅन लागलाय, करा की." त्या म्हणाल्या, "नगं. तुजी भिंत हुं दे नीट." रागाने नव्हे, अगदी साधेपणाने. त्याने मला जास्त लागलं.

चौथ्या की पाचव्या दिवशी मी हात लावला आणि तो कोरडा आला. वरच्या कोपऱ्यात थोडं दमट होतं, तेही पुढे वाळलं. काळे ठिपके राहिले, पोपडे राहिले, पण पीठ पडावं तसा चुना हाताला सुटत होता. नवऱ्याने स्वतः भिंतीवर हात फिरवला, बोटं चोळून बघितली आणि बाहेर गेला. थोड्या वेळाने मला त्याचा आवाज ऐकू आला. तो काकांना फोनवर सांगत होता, "काका, कॅन्सल करा. वरच्यांचा काही संबंध नाही. आमच्याच घरातलं होतं."

दुसऱ्या दिवशी दुपारी वरच्या बाई आल्या. या वेळी कडेवर बाळ होतं, टोपडं घातलेलं. त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. सरळ गॅलरीत सासूबाईंसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"आजी, लेकीला डिंकाचे लाडू करायचेत. खारकेची पूड, खोबरं सगळं आणलंय. पण ह्या पोराच्या रडण्यात माझं ध्यान ऱ्हात नाय, काल खोबरं करपवलं मी. तुमी येता का वर?"

सासूबाईंनी बाळाकडे बघितलं. "कुणी सांगितलं मला येतंय म्हून?"

"अख्ख्या बिल्डिंगला वास यायचा. सांगायला कशाला हवं?"

सासूबाईंनी बाळाचं टोपडं नीट केलं आणि तोंड रस्त्याकडे वळवलं. त्या बाई परत गेल्या. मला वाटलं विषय संपला. मी मुलींना घेऊन हॉलमध्ये बसले होते, इतक्यात सासूबाई स्टूल ओढत गेल्या आणि माळ्यावर हात पोचेना म्हणून मला हाक मारली. मी कढई काढून दिली. ती पदराखाली धरून त्या जिना चढून वर गेल्या.

दिवेलागणीला परत आल्या तेव्हा कपाळावर घाम होता आणि हाताला तुपाचा वास. "बाळ लई रडकं हाय," एवढंच म्हणाल्या. मग जेवायला बसल्यावर म्हणाल्या, "त्यांची खिडकी सताड उघडी असती. धूळ येती, पर येऊ दे म्हनत्यात. वटा पुसला की झालं."

पुढच्या सकाळी मी उठले तेव्हा आमच्या स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती, फॅन घरघरत होता, पलीकडच्या टॉवरवर सळ्या आपटल्याचे आवाज घरात येत होते. सासूबाई एका शेगडीवर तांदूळ भाजत होत्या. दुसरी बंद होती. ओट्यावर करडी धूळ बसली होती, ती त्या मधूनमधून फडक्याने ओढून घेत होत्या.

मी चहासाठी पातेलं घेतलं. त्यांनी कढईतून नजर न काढता विचारलं, "आता किती झालं असंल गं पाणी?"

"आत्ता सुरू केलंत ना? पेलाभरसुद्धा नसेल झालं."

"आनि कुटं गेलं त्ये?"

"खिडकीतनं बाहेर. थोडं फॅनमधनं."

त्यांनी खिडकीकडे एकदा बघून घेतलं, जाळ जरासा कमी केला आणि म्हणाल्या, "च्या ठेव मग. दुसरी शेगडी मोकळीच हाय."